तिसरा हात

फाट्यावर तो बोर्ड लागला आणि थोरलीला अन्न गोड लागेनासं झालं.

बोर्ड चांगला दुमजली घराएवढा होता. नव्या रस्त्याचं काम अर्धवटच होतं, खडीचे ढीग जागोजाग पडलेले होते, पण बोर्ड मात्र आधी उभा राहिला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हे हात देश घडवतात'. खाली तिच्या धाकट्या जावेचा चेहरा. मागात लव्हाळ्याची काडी सारता सारता कुणी हाक मारावी आणि आपण हसून वर बघावं, तशी ती बघत होती. तिचे दोन हात चटईवर होते. आणि डाव्या कडेला, फणीच्या दांड्यावर, मनगटापर्यंत एक तिसरा हात होता. त्याची करंगळी वाकडी होती.

ती करंगळी थोरलीची. कधीकाळी फणीखाली सापडली होती, तेव्हापासून ती सरळ झाली नाही. पण हे ओळखणार कोण? ओळखायला आधी बघावं लागतं, आणि बघणारा धाकटीच्या हसण्यावरून पुढे सरकतच नव्हता.

लोहाराची बायको तेवढी बघायची. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे आणि तोंडात काही राहत नसे.

"देशाची प्रगती म्हणजे थट्टा वाटली का?" ती हापशावर सगळ्यांसमोर म्हणाली. "आपल्या गल्लीतल्या बाईला तीन हात फुटलेत. अगं, तिसरा कुणाचा तो?"

"माझ्या जाऊबाईंचा," धाकटी हसत म्हणाली. "त्यांच्याच हातावर तर आमचं घर चालतं."

बायका हसल्या. थोरलीही हसली, पण हंडा उचलताना तिनं तो असा हिसडला की अर्धं पाणी तिच्याच पायावर सांडलं. धाकटी गप्प राहिली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती अशी गोड बोलली की मग तिच्यावर रागवायलाही जागा उरत नसे.

फोटो काढला तेव्हाची गोष्ट थोरलीला स्वच्छ आठवत होती. हस्तकला खात्यातल्या मॅडम कॅमेरेवाल्याला घेऊन आल्या होत्या. चटईला दोघी लागतात. एक मागाच्या फळीवर बसून फणी मारत काडी घट्ट ठोकते, दुसरी बाजूला बसून सुताच्या ताण्यात एकेक काडी सारते. सारं काम फणीवालीचं, असं गल्लीत मानत. चटई किती घट्ट, कड किती सरळ, हे तिच्या मनगटावर. काडी लावायला कुणीही चालतं. पण फणीवालीची पाठ दाराकडे असते आणि काडीवालीचं तोंड उजेडात. कॅमेरेवाल्यानं उजेड बघितला. थोरली दिवसभर फणी मारून मारून कंबर धरून बसली होती, तिला तो म्हणाला, "बाई, जरा मागे सरका." ती सरकली. हात तेवढा दांड्यावर राहिला.

"जावा जावा, उभा दावा," थोरलीची सासू म्हणायची, पण या घरात तसं कधी झालं नव्हतं. म्हातारीला आता दिसत नव्हतं. ती दिवसभर ओसरीवर बसून सुताचे गुंते सोडवी आणि बोटांनीच सगळं बघे. धाकटा मुलगा लांब कारखान्यात गेला होता आणि महिनोन्‌महिने त्याचा पत्ता नसे. थोरला रस्त्याच्या कामावर खडी टाकत होता. घर चालत होतं ते चटयांवर, आणि बाजारात प्लास्टिकच्या चटया आल्यापासून तेही धड चालत नव्हतं. त्या चटया रंगीत, हलक्या, धुवायला सोप्या. शेजारपाजारच्या विणकरणींनीसुद्धा घरात त्याच अंथरल्या होत्या. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, इथं पिकतं तिथं वापरतही नव्हते.

त्यात तळंही गेलं. म्हणजे अर्धं गेलं. नवा रस्ता तळ्याच्या अंगावरूनच आखला होता, आणि लव्हाळ्याच्या बेटात रोज मुरुमाच्या गाड्या रित्या होत होत्या. खडी टाकणाऱ्यांत थोरलीचा नवराच होता. "तुम्ही तिकडून बुजवा, आम्ही इकडून कापतो," ती त्याला म्हणाली होती. "बघू आधी कोण संपतं."

उरलेल्या अर्ध्या तळ्यात दोघी जावा गुडघाभर पाण्यात उभ्या राहून कापत. थोरली बुडाशी विळा घाले, धाकटी मुठी गोळा करी. धाकटीचा हात अजूनही लव्हाळ्यानं कापायचा. लग्न होऊन आली तेव्हा तिला काडी कशी धरायची तेही माहीत नव्हतं. तिच्या माहेरी कुणी चटई विणली नव्हती. तिला सगळं थोरलीनं शिकवलं.

सगळं म्हणजे, एक सोडून.

लव्हाळ्याची काडी बुडख्याला जाड असते आणि शेंड्याला बारीक. सोलून, वाळवून, दोन्हीकडून मापात कापली की डोळ्यांना फरक कळत नाही, बोटाला कळतो. विणताना एक काडी बुडखा डावीकडे करून सारायची, दुसरी उजवीकडे करून. नाहीतर चटई एका बाजूला चढत जाते आणि तिरकी येते. धाकटीला सुरुवातीला हे जमेना. रोज तीच चूक, रोज उसवणं. शेवटी थोरली वैतागली आणि तिनं जुड्याच उलटसुलट बांधायला सुरुवात केली, एक काडी इकडून, एक तिकडून. धाकटीनं फक्त ओढायची आणि सारायची. वर्षं गेली, धाकटीचा हात वाऱ्यासारखा चालू लागला, पण जुड्या थोरलीच बांधत राहिली. हे आता तिला शिकवावं, असं तिच्या मनात कधी आलं नाही. आलं असेल तर तिनं ते लांबवलं.

बोर्ड लागून थोडे दिवस झाले आणि मॅडमची जीप पुन्हा दारात आली. मॅडम खुर्चीच्या टोकाला बसल्या, चहा घेतला आणि धाकटीकडे बघून बोलू लागल्या.

"राजधानीत मोठं प्रदर्शन आहे. देशभरातल्या कारागीर बाया येणार आहेत. तुम्ही तिथं लोकांसमोर चटई विणायची. आणि नीट झालं सगळं, तर इथं केंद्र सुरू होतंय, तिथं शिकवायला तुम्हालाच घ्यायचं म्हणतात."

मास्तरीण. थोरलीनं चहाची बशी खाली ठेवली. फाट्याजवळ केंद्राची नवी इमारत उभी राहत होती. पत्रे बसले होते, खिडक्यांना निळा रंगही लागला होता. जाता-येता थोरलीनं आत डोकावून बघितलं होतं आणि मनातल्या मनात आपली जागाही ठरवली होती, खिडकीजवळ, फणीवर, समोर गल्लीतल्या पोरी. दुसरं कोण असणार, असं ती धरूनच चालली होती.

"पण फणी तर जाऊबाई मारतात," धाकटी म्हणाली. "मी काडी लावते."

"तुम्हाला मारता येते ना?"

"येते तशी."

"मग झालं. चेहरा तुमचा लोकांना माहीत झालाय. काडी लावायला कुणालाही घ्या बरोबर." मॅडम उठल्या. थोरलीकडे वळून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही येता का यांच्या मदतीला?"

मदतीला. या शब्दानं थोरलीच्या अंगाची आग आग झाली. ज्या बाईला तिनं काडी कशी धरायची ते शिकवलं, ती फणीवर बसणार, आणि हिनं बाजूला बसून तिला काड्या पुरवायच्या, तेही साऱ्या देशासमोर.

"माझी कंबर धरते," ती म्हणाली. "प्रवास झेपायचा नाही."

जीप गेल्यावर धाकटी तिच्याजवळ येऊन बसली. "जाऊबाई, चला ना. तुमच्याशिवाय मला कसं जमेल?"

"जमेल की. आता तू काय, बोर्डावरची बाई."

"तुम्ही रागावलात."

"मी कशाला रागावू? माझं काय गेलं?" असं म्हणून थोरलीनं मागावर बसून फणी मारायला घेतली. काडी लावायला समोर कोणी नव्हतं, तरी ती रिकाम्या ताण्यावर मारत राहिली. ओसरीवरून म्हातारी म्हणाली, "अगं, हवा विणतेस का?" तेव्हा कुठं ती थांबली.

धाकटीनं शेवटी लोहाराच्या बायकोला बरोबर घ्यायचं ठरवलं. विणकराच्या घरातली घेतली तर ती तिथं जाऊन आपलंच घोडं पुढे दामटेल, ही भीती. लोहाराच्या बायकोला फणी म्हणजे काय आणि काडी म्हणजे काय, काहीच ठाऊक नव्हतं. तिला राजधानी बघायची होती.

"मला काय, घण मारायची सवय आहे," ती म्हणाली. "एक काडी सारायला किती अक्कल लागते?"

राहिल्या जुड्या. त्या नेहमीप्रमाणे थोरलीवर.

धाकटी लोहारवाड्यात फणीचा दांडा बसवून घ्यायला गेली होती त्या दुपारी थोरली परसात काड्यांचा ढीग घेऊन बसली. ऊन उतरत आलं होतं. काड्या चांगल्या निघाल्या होत्या, पिवळ्याजर्द, डाग नाही. तिनं पहिली जुडी सवयीनं उलटसुलट बांधली. मग हातात घेऊन तिच्याकडे बघत बसली. राजधानीतले मोठमोठे लोक तिला दिसले, चटईवरून हात फिरवणारे. त्यांच्यामध्ये फणीवर बसलेली धाकटी दिसली, मान वर करून हसणारी. ते हसणं तिला सहन झालं नाही. तिला वाटलं, या हसण्याखालची प्रत्येक काडी माझी आहे, आणि हिला साधा बुडखा ओळखता येत नाही.

तिनं जुडी सोडली. काड्या हातावर घेऊन एकेक बोटानं चाचपली, सगळे बुडखे एका बाजूला केले आणि पुन्हा बांधली. मग दुसरी. मग तिसरी. काम नेहमीपेक्षा सोपं होतं, भराभर झालं.

म्हातारी भिंतीला धरत परसात आली. सवयीनं तिनं एक जुडी उचलली आणि दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"एकमार्गी बांधलीस?"

"तिकडचा माग वेगळा असतो," थोरली म्हणाली. "तशाच मागितल्यात."

म्हातारीनं जुडी जागेवर ठेवली. तिचे पांढरे डोळे थोरलीच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी लागले होते. "माग कुठलाही असो," ती म्हणाली, "लव्हाळं तेच असतं." आणि भिंत धरत आत गेली.

निघायच्या सकाळी जीप दारात हॉर्न वाजवत होती. लोहाराची बायको नवी चप्पल घालून आधीच आत बसली होती. धाकटी जुड्या एकेक करून मागे ठेवत होती. तिनं केस चापूनचोपून बसवले होते.

"जाऊबाई, मला सगळ्याची भीती वाटतेय," ती हळूच म्हणाली. "फणी जड पडेल, हात चुकेल, बोलायचं काय तेही कळत नाही. पण जुड्या तुमच्या आहेत ना. त्याची तेवढी काळजी नाही."

थोरलीनं तोंड उघडलं. हॉर्न पुन्हा वाजला. तिनं तोंड मिटलं आणि म्हणाली, "जा, उशीर होतोय."

धूळ खाली बसेपर्यंत ती दारात उभी होती.

पुढचे दिवस तिला जड गेले. आधी वाटलं, बरं झालं, एकदा तोंडघशी पडू दे. मग वाटलं, जुडी सोडल्यावर बोटाला कळेलच की तिला, अगदीच का आंधळी आहे? मग तेच नको वाटायला लागलं. कळलं तर ती वाचेल, आणि हेही कळेल की कुणी केलं. चटई तिरकी यावी असंही वाटे आणि येऊ नये असंही वाटे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

घरी माग तर चालवायला हवा होता. नवऱ्याला तिनं काडी लावायला बसवलं. त्याची बोटं खडीनं सोललेली, त्यानं दोन काड्या मोडल्या आणि तिसरी ताण्याच्या खालून सारली.

"हे बायकांचं काम आहे," तो म्हणाला.

"मग देश कशाला म्हणतो की या हातांनी तो घडतो?"

"देशाला काय, बोलायचं काम," असं म्हणून तो बिडी शोधायला उठला.

चटई अर्धवट राहिली. थोरली समोरच्या रिकाम्या जागेकडे बघे आणि तिथं धाकटी नाही याचाही तिला राग येई.

त्या परत आल्या त्या भर दुपारी. जीपमधून आधी लोहाराची बायको उतरली आणि उतरता उतरताच बोलू लागली. तिकडच्या इमारती, तिकडचे दिवे, पंख्याखाली झोपलं की कसं गार वाटतं. गल्ली गोळा झाली. धाकटी मागून उतरली. ती वाळली होती. तिनं थोरलीकडे बघितलं, हसली, पण बोर्डावरचं हसणं हे नव्हतं.

"सांग गं तूच," लोहाराची बायको म्हणाली. "मला ते नीट सांगता यायचं नाही. मी आपली सांगेल तशी काडी सारत होते. वीतभर विणून झालं आणि बघते तर चटई चाललीय एका बाजूला चढत. मी म्हटलं, बाई, विणता येईना आणि माग वाकडा."

"वीतभर नाही, हातभर," धाकटी म्हणाली. ती थोरलीकडे बघत नव्हती, चपलेवरची धूळ झटकत होती. "उसवायला वेळ नव्हता. समोर माणसांची भिंत. मॅडम पांढऱ्या पडल्या. तेवढ्यात ते मोठे पाहुणे आले, सगळ्यांचे साहेब. वाकून बघितलं आणि विचारलं, ही अशी पंख्यासारखी का आहे? बाकी सगळ्यांच्या तर सरळ आहेत."

गोळा झालेल्या बायका जवळ सरकल्या. त्यांत निम्म्या विणकरणी होत्या.

"मग?" थोरलीच्या तोंडून निघालं.

"मग मी खरं तेच सांगितलं." आता धाकटीनं वर बघितलं, सरळ थोरलीच्या डोळ्यांत. "म्हटलं, हा नमुना माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आहे. जुड्या त्यांनीच अशा बांधून दिल्यात. आमच्याकडे हे फक्त त्यांनाच जमतं."

साहेबांना तो नमुना फार आवडला होता. त्यांनी चटई भिंतीवर लावून घेतली. मॅडमचा जीव भांड्यात पडला आणि लगेच त्यांना भाषणही सुचलं. आता केंद्रात तशाच चटया विणायच्या, पंखा चटई या नावानं, बाहेरच्या देशांत जातील म्हणे. आणि शिकवायला जिचा नमुना तीच बाई हवी.

"मास्तरीण तुम्ही," धाकटी म्हणाली. "तुम्हाला व्हायचंच होतं ना?"

नाही म्हणावं, तर मग जुड्या एकमार्गी का बांधल्या ते सांगावं लागणार, या सगळ्यांसमोर. हो म्हणावं, तर एवढ्या वर्षांत जी चूक उसवण्यात तिची उमेद गेली, तीच चूक आता जन्मभर पोरींना शिकवत बसायचं. तिनं ओसरीकडे बघितलं. म्हातारी सुताचा गुंता सोडवत होती, तिनं मान वर केली नाही.

"हो," थोरली म्हणाली.

लोहाराच्या बायकोनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या कुणी वाजवल्या नाहीत.

कॅमेरेवाला पुन्हा आला. या वेळी माग फिरवून ठेवला, थोरलीचं तोंड उजेडात आणलं. तिला हसायला सांगितलं. तिनं प्रयत्न केला. "दात नका दाखवू," तो म्हणाला. धाकटी बाजूला बसून काड्या लावत होती. तिला तो म्हणाला, "बाई, जरा मागे सरका." ती सरकली.

केंद्रात जायला लागून महिना होत आला होता. थोरली डोक्यावर लव्हाळ्याचा भारा घेऊन तळ्याकडून फाट्यावर आली, तर जुना बोर्ड उतरलेला आणि नवा लागलेला. 'परंपरेतून प्रगतीकडे.' खाली तिचा चेहरा, दुमजली. मागे भिंतीवर पसरलेली तिरकी चटई. तिनं भारा उतरवला आणि मान वर करून बघत राहिली. आयुष्यात आपलं तोंड एवढं मोठं बघायला मिळेल, असं तिला वाटलं नव्हतं. तोंड तसं बरं दिसत होतं. थकलेलं, पण बरं.

गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या विणकरणी बाजारातून येत होत्या. त्याही थांबल्या. त्यांनी चेहऱ्याकडे एकदाच बघितलं, मग चटईकडे बघत राहिल्या, काठापासून काठापर्यंत.

"एकमार्गी जुडी," एकजण म्हणाली.

"नमुना आहे म्हणे," दुसरी म्हणाली.

दोघींनी थोरलीकडे बघितलं. पिशव्या सावरल्या आणि निघून गेल्या. आता हा बोर्ड उतरेपर्यंत लव्हाळ्याला हात लावलेली प्रत्येक बाई इथून जाताना तेवढंच वाचणार, हे थोरलीला कळलं. बाकीचा देश वरची अक्षरं वाचेल.

ती भारा उचलायला वाकली आणि वाकता वाकता तिला बोर्डाच्या उजव्या कडेला तो हात दिसला. मनगटापर्यंतच. तरुण, सावळा, बोटावर लव्हाळ्याचा जुना ओरखडा. एवढ्या मोठ्या बोर्डावर आपलं सगळं तोंड असताना तिची नजर त्या हातावरच अडकली, आणि तो आपल्या तोंडापेक्षा चांगला आला आहे, असं तिला वाटून गेलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मग तिनं नीट बघितलं. त्या हातात काडी होती. काडी मागात सारायच्या आधीची होती, आणि अंगठा तिच्या टोकावर टेकलेला होता. म्हातारी टेकवते तसा, अगदी हलका, बुडखा कुठला आणि शेंडा कुठला ते चाचपणारा.

धाकटीला ते कुणीच शिकवलं नव्हतं, तिची तीच शिकली होती. थोरलीनं भारा डोक्यावर घेतला. आज केंद्रावर एकमार्गी जुड्या बांधायच्या होत्या.